कूपमंडूक

बेडकाच्या वाट्याला आपल्या भाषेत मान असा कधी आलाच नाही. गोष्टीत तो बैलाशी बरोबरी करायला जातो आणि फुगून फुगून फुटतो. संस्कृत न्यायात तो विहिरीलाच समुद्र समजतो. ‘कूपमंडूक’ हा शब्द शिकवू लागलो की मुले हमखास हसतात. मला मात्र त्या शब्दासरशी आंधळगाव आठवते.

भंडारा जिल्ह्यातले हे आमचे गाव कोशाच्या विणकामासाठी ओळखले जाते. माझे मोठेबाबा तिथे खड्ड्याच्या मागावर बसत. पाय खड्ड्यात, हाताशी धोटा, आणि पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतून येणारी बेडकांची अखंड मैफल! नागपूरला नोकरीला गेलेले एक नातलग एकदा त्यांना थट्टेने कूपमंडूक म्हणाले. हातातले काम न थांबवता मोठेबाबा म्हणाले, “इहिरीचं पानी आटाले लागलं का पयले बेडकालेच समजते, बापू!”

प्राणिशास्त्र मोठेबाबांच्याच बाजूचे आहे. बेडूक त्वचेनेही श्वास घेतो. म्हणून पाण्यात मिसळलेले विष त्याला लवकर बाधते. धानावरचे किडे खाऊन तो शेतकऱ्याची चाकरी करतो, ती निराळीच. एके काळी त्याच्या तंगड्या परदेशी ताटांत जात. १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली, हे बरे झाले.

पण खराखुरा कूपमंडूक पाहायचा, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या आंबोलीला जावे. तिथे घाटमाथ्यावरच्या जांभ्या दगडाच्या सड्यावर एक चिमुकला भेक राहतो. त्याच्या कुशीवर पिवळे पट्टे असतात, म्हणून शास्त्रीय नावात त्याला वाघाची उपमा मिळाली. स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद झाली ती २००९ साली. त्याचे सारे जग आंबोलीच्या आसपासचे. पहिल्या पावसात खडकाच्या खळग्यांत उथळ पाणी साचले की तिथेच अंडी, तिथेच पिल्ले. पाऊस रुसला तर खळगा सुकतो. आणि रस्ता ओलांडताना मोटारींची चाके आहेतच.

हा जीव काही समुद्राला तुच्छ लेखत नाही. समुद्र त्याच्या कामाचाच नाही! एका नळाचे पाणी गेले की आपण दुसऱ्या नळाखाली घागर लावतो. त्याला ती सोय नाही. एकच पाणी धरून राहणाऱ्याला भाषेने तरी हिणवू नये.

आंधळगावात कोणाचा माग कधी थांबला, हे मोठेबाबा घरे मोजत ओळीने सांगत. ते गेल्यापासून आमच्या घरात ते सांगणारे कोणी उरलेले नाही.