पाठ लागली की नाही?

हिंगोली, कळमनुरी, वसमतकडच्या जत्रेतल्या दंगलीत गुणफलक नसतो. पैलवान चीत झाला की कुस्ती संपते. कोणीच चीत होईना तर पंच ती बरोबरीत सोडवतात. हौदातल्या पंचाला बघायचे असते ते एवढेच, की दोन्ही खांदे एकाच वेळी टेकले का. काठावरच्या गर्दीला ते पाठीवरच्या मातीवरून कळल्यासारखे वाटते आणि ‘लागली, लागली’ असा गलका उठतो. पण पैलवान कुस्तीआधीच एकमेकांच्या अंगाला माती चोळतात, घामाने ती आणखी चिकटते. पाठीवरची माती हा पुरावा धरता येत नाही.

म्हणून कुस्ती खाली गेली की जाणता पंच स्वतः जमिनीवर आडवा होतो. उभ्या माणसाला वरच्या पैलवानाची पाठ दिसते, खालच्याचा खांदा दिसत नाही. खांद्याखाली बोटभर फट उरली आहे का, हे डोळा जमिनीलगत नेल्याशिवाय कळतच नाही. तेवढ्यात वरच्याचा पाय आड येतो आणि पंचाला सरपटत जागा बदलावी लागते. माझ्या मते पंचाची सगळी विद्या या जागा बदलण्यात आहे.

गादीवरच्या कुस्तीत हे काम तिघांत वाटलेले असते. आखाड्यात रेफ्री, कडेला जज आणि टेबलावर मॅट चेअरमन. रेफ्रीच्या एका मनगटावर लाल पट्टा, दुसऱ्यावर निळा. ज्या पैलवानाला गुण, त्या रंगाचा हात वर आणि तितकी बोटे. तिघांपैकी दोघांचे जुळले तर गुण लागतो. चितपटही एकट्या रेफ्रीने द्यायची नसते, दुसऱ्या अधिकाऱ्याची संमती लागते.

खरी कसोटी चार गुणांची. उभ्या कुस्तीतून प्रतिस्पर्ध्याला खाली आणले तर दोन. पण त्याच झटक्यात त्याची पाठ गादीशी नव्वद अंशांपेक्षा कमी कोन करील अशी वळवली, तर चार. हा कोन पंचाला नुसत्या डोळ्यांनी, निमिषात मोजायचा असतो. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली आणि त्याला चार गुण मिळाले. सिकंदरची पाठ तेवढी वळलीच नव्हती, असे म्हणणाऱ्यांनी त्या कुस्तीची चित्रफीत मोबाइलवर थांबवून थांबवून पाहिली. वाद पुष्कळ दिवस चालला.

फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत तर प्रकरण हातघाईवर आले. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चीत ठरवले गेले. खांदे टेकलेच नाहीत, असा राक्षेचा दावा होता. त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय कसाही असो, पंचावर पाय उचलणे अक्षम्यच. त्याचबरोबर, पैलवानाने वर्षभर गाळलेला घाम ज्या एका क्षणावर तोलला जातो, तो क्षण पुन्हा पाहण्याची त्याची मागणी मला रास्त वाटते. छायाचित्राने मात्र हा निवाडा होत नाही. एका बाजूचा कॅमेरा एकच खांदा नीट दाखवतो, आणि नियमाला दोन्ही खांदे रेफ्रीची खात्री पटेपर्यंत दाबून धरलेले हवे असतात.

गुणांच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत सोय आहे. प्रशिक्षक मऊ ठोकळा गादीवर टाकून निर्णयाला आव्हान देतो, चित्रीकरण तपासले जाते. आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो.

जत्रेच्या हौदाला कॅमेरे लावा, असे कोणी म्हणणार नाही. पण समोरासमोर दोन पंच उभे करता येतील. कुस्ती खाली गेली की एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने कमरेकडून खांदे पाहायचे, दोघांचे हात वर झाले तरच चितपट. यात्रा समितीच्या खर्चात एका फेट्याची आणि एका नारळाची भर पडेल, एवढेच.