फौजेनं शिकवलं ते कुठल्या कागदावर दाखवू?

“मिलिटरीवाले वेळेचे पक्के असतात. सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून तुम्हाला उद्यापासून घेतो,” हॉस्पिटलचा मॅनेजर म्हणाला. माझी फाईल त्याच्यासमोर उघडी होती आणि वरचाच कागद आर्मी मेडिकल कोअरचा होता: नर्सिंग असिस्टंट, क्लास वन. मी वॉर्डातलं काम मागायला गेलो होतो. 2019 ची गोष्ट, पण ते वाक्य अजून खुपतं.

आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेत जाणं ही काही मुद्दाम सांगायची गोष्ट नाही. पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावलेल्या अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. माझे चुलते मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी बारावी सायन्स केलेली, म्हणून नर्सिंग असिस्टंटचा ट्रेड मिळाला. लखनौचं ट्रेनिंग, मग मिलिटरी हॉस्पिटलं, मग पलटणींबरोबर अटॅचमेंट. पुढचं सगळ्यांचं असतं तसंच.

सियाचीनची एक रात्र मात्र सांगायलाच हवी, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

पोस्ट 18,000 फुटांच्या वर होती. डॉक्टर खाली, बर्फाचं वादळ सुरू, हेलिकॉप्टर येणार नाही हे सगळ्यांनाच ठाऊक. बिहारचा एक पोरगा सुट्टीवरून परतला होता. उंचीवर चढताना टप्प्याटप्प्यानं मुक्काम करावे लागतात, पहिल्या टप्प्यावर 6 दिवस, पुढच्या दोन्ही टप्प्यांवर 4-4. ते त्यानं नीट केले होते. पण वर निघताना सर्दी झाली ती कुणाला सांगितली नाही. आपल्याला मागे ठेवतील, आपल्या वाटची ड्युटी दुसऱ्याला करावी लागेल, एवढीच त्याची भीती. संध्याकाळी तो खोकायला लागला. रात्री बसल्या जागी धाप, ओठ निळे, थुंकीत गुलाबी फेस. छातीला स्टेथो लावला तर आत खरखर. फुप्फुसात पाणी उतरलं होतं. फौजेत त्याला हापो म्हणतात. अशा माणसाला खाली उतरवणं हाच खरा इलाज, आणि तोच शक्य नव्हता.

वायरलेस सेटवर डॉक्टरसाहेबांचा आवाज तुटक येत होता. मी सॅच्युरेशन सांगितलं, छातीचं सांगितलं. त्यांनी निफेडिपिन द्यायला सांगितलं. मग विचारलं, “बॅग चलाओगे?” मी हो म्हणालो. त्यानंतर सेट बंद पडला.

हापो बॅग म्हणजे माणूस आत झोपवून चेन लावायची एक लांब पिशवी. पायपंपानं हवा भरली की आतला दाब वाढतो आणि आतल्या माणसाच्या शरीरापुरती उंची काही हजार फुटांनी कमी होते. पंप थांबवून चालत नाही, कारण आतली हवा बदलत राहावी लागते. छोट्या खिडकीतून त्याचा चेहरा दिसत होता. सुरुवातीला तो घाबरून आतून लाथा मारायला लागला. मी खिडकीला तोंड लावून त्याच्याशी बोलत राहिलो, त्याच्या गावाचं, आंब्याच्या बागेचं, बहिणीच्या लग्नाचं. पोस्टवरचे जवान आळीपाळीनं पंप मारत होते. त्या उंचीवर चार पावलं चाललं तरी दम लागतो, आणि हे लोक पहारा करून आल्यावर पंपावर उभे राहत होते. मधून मधून चेन उघडून त्याला तपासायचं, बसता करून ऑक्सिजन द्यायचा, पुन्हा आत. सिलिंडर मोजकेच होते, तेव्हा कधी आणि किती द्यायचा हे ठरवणं माझ्याकडे होतं. पोस्ट कमांडर माझ्यापेक्षा वयानं, हुद्द्यानं कितीतरी मोठे, पण त्या रात्री ते मला विचारत होते, “अब क्या करना है?” पहाटे त्याची खरखर कमी झाली. वादळ ओसरल्यावर चीता हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं. तो वाचला, पुढे पलटणीत परतही आला.

तेव्हा मी पंचविशीच्याही आत होतो. माझ्याबरोबर बारावी झालेली मुलं तेव्हा नोकरीसाठी कंपन्यांचे उंबरे झिजवत होती. एवढ्या वयाच्या, साध्या शेतकऱ्याच्या मुलाच्या हाती दुसऱ्याचा जीव सोपवून त्याच्यावर विश्वास टाकणारी दुसरी कुठली जागा मला माहीत नाही. फौजेनं काय दिलं असं कुणी विचारलं तर माझं पहिलं उत्तर हेच आहे.

बाकीचं दिलं तेही मी नाकारत नाही. जवानाला 15 वर्षांच्या सेवेवर पेन्शन मिळते आणि ती दर महिन्याला न मागता जमा होते. वडिलांची बायपास पुण्यात ईसीएचएसवर, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेवर झाली, तेव्हा बिलासाठी जमीन विकावी लागली नाही. आमच्या शेजारच्या घरात त्याच दुखण्यापायी एक एकर गेलं. कॅन्टीनचं कार्ड लोकांच्या डोळ्यात जास्त भरतं, पण माझ्या मते ईसीएचएसच्या कार्डाची सर कशालाच नाही. माजी सैनिकानं ते करून घेण्यात एक दिवसाचाही आळस करू नये, आणि आईवडील अवलंबून असतील तर त्यांची नावं आधी घालावीत.

आता हॉस्पिटलचं. मॅनेजरचं म्हणणं असं की माझ्याकडे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नाही. नर्सिंगचा जीएनएम कोर्स नाही, एएनएमही नाही. मी म्हणालो, मग ड्रेसिंगला घ्या, ऑक्सिजनचं काम द्या, सिस्टरांच्या हाताखाली ठेवा. तो म्हणाला, नियमात बसत नाही. मी उठून आलो.

एप्रिल 2021 मध्ये त्याच हॉस्पिटलमधून फोन आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनं सातारा जिल्ह्याचे काय हाल केले ते इथल्या माणसांना सांगायला नको. बेड नाहीत, सिलिंडर नाहीत, सिस्टर स्वतः आजारी. “तुम्हाला ऑक्सिजनचं कळतं ना?” एवढाच प्रश्न. मी त्याच संध्याकाळी गेलो. जंबो सिलिंडर बदलणं, पेशंटला पालथं झोपवणं, धाप लागून घाबरलेल्या माणसाला आधी शांत करणं, हे सगळं माझ्या हातात होतंच. बोटाला लावायच्या ज्या यंत्राची लोकांना त्या वर्षी ओळख झाली, ते आम्ही वर्षानुवर्षं वापरत होतो. रात्रपाळ्या केल्या. तिथले डॉक्टर फार चांगले वागले, तेही थकून गेले होते. पण पेशंटच्या कागदावर मी दिलेल्या प्रत्येक गोष्टीखाली सही सिस्टरची व्हायची. माझं नाव कुठेही नाही. पगाराच्या यादीत मी ‘मदतनीस’ होतो.

लाट ओसरली. मॅनेजरनं बोलावून चहा दिला, आभार मानले आणि सांगितलं, आता तपासणी येईल, तुम्हाला वॉर्डात ठेवता येत नाही, गेटवरची जागा मात्र अजून रिकामी आहे. मी विचारलं, “एप्रिलमध्ये नियम कुठे होता?” त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला राग गेटच्या कामाचा नाही. ते काम माझे कितीतरी सोबती इमानानं करतात. राग याचा आहे की गरज होती तेव्हा माझ्या हाताला कागद लागला नाही, आणि गरज संपल्यावर लागला.

तरी नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला उद्या कुणी विनानोंदणीचा माणूस सलाईन लावायला आला तर मी स्वतः अडवीन. नोंदणी हवीच. प्रश्न एवढाच की आम्हाला ती मिळवण्याची वाट कुठे आहे? ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधल्या कंत्राटी भरतीत फौजेतला क्लास वन नर्सिंग असिस्टंट कोर्स जीएनएमच्या बरोबरीनं धरतात. म्हणजे त्या दारात मी पात्र, आणि रस्ता ओलांडून समोरच्या हॉस्पिटलात अपात्र. पॉलिक्लिनिकच्या जागा मोजक्या, माझा नंबर लागला नाही. दुसरीकडे, 15 वर्षं सेवा केलेल्या, दहावी पास माजी सैनिकाला सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीत पदवीशिवायही बसता येतं. त्या वाटेनं मी आज एका बँकेत काउंटरवर आहे. जे मी कधी शिकलो नाही त्याला मला लायक ठरवलं, आणि ज्यात उभं तारुण्य घातलं त्याला नाही. नोकरी चांगली आहे, घर चाललं आहे, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण रात्रपाळी अजून आठवते आणि हात शिवशिवतात.

भाचा अग्निवीरची तयारी करतोय. मी त्याला जाऊ नको म्हणालो होतो. 4 वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के मुलं पुढे ठेवणार, बाकीच्यांना सुमारे 11 लाख 71 हजारांचा सेवा निधी आणि पेन्शन नाही. हे सगळं त्याला कागदावर मांडून दाखवलं. आणि रोज पहाटे 1600 मीटर पळायला त्याला मैदानावर नेणारा, हातात घड्याळ धरून उभा राहणाराही मीच आहे. त्याला ती फौज मिळावी असं मला वाटतं, हे खरं आहे.

जे आज सेवेत आहेत त्यांना एवढंच सांगतो: आपल्या ट्रेडचा बाहेर चालणारा कागद कोणता हे पहिल्या पाच वर्षांत शोधा. निवृत्तीआधीच्या रिसेटलमेंट कोर्सवर सगळं सोडू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. आणि सरकारला, नर्सिंग कौन्सिलला विनंती आहे. फौजेतल्या क्लास वनवाल्यांसाठी एक परीक्षा ठेवा, लेखी ठेवा, वॉर्डात उभं करून घ्या, हवी तितकी अवघड ठेवा. आम्ही बसायला तयार आहोत.