बंगला पडत नाही, पाडला जातो

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट माथेरानला चढले, त्यानंतर इथे जांभ्याचे, रुंद व्हरांड्यांचे बंगले उभे राहिले. १९०७ ला मिनी ट्रेन आली. २००३ ला इको-सेन्सिटिव्ह झोन झाला. गाड्यांना आजही बंदी. छान!

पण बंगले? पावसात एक पत्रा उडतो. मालक मुंबईला. परवानगीचा कागद फिरेपर्यंत वासे कुजतात, मग ‘धोकादायक’ची पाटी लागते. अशा एका बंगल्याची बातमी मी तीनदा छापली. (कात्रणं जपून ठेवलीत, कशाला देव जाणे.)

परवा तिथला म्हातारा माळी म्हणाला, "दादा, बातमीनं पत्रा बसतो का?"

मालकांना फोन केला, हो म्हणाले. रविवारी ताडपत्री टाकतोय. दोरी धरायला चार हात हवेत.