दोन इंचांचा हिशेब

चि. छोटीस,


लिफ्ट किटचा फोटो मिळाला. पाच दारांची जिम्नी दोन इंच उचलायची, चार स्प्रिंगा, चार शॉकॲब्सॉर्बर, एका रविवारचं काम, असं दुकानदाराने तुला सांगितलंय. काम रविवारचंच आहे, त्यात खोटं नाही. त्या खोक्यात जे येत नाही, त्याबद्दल लिहितोय.

आधी उचलून काय मिळतं ते बघ. जिम्नीला पुढे-मागे अखंड ॲक्सल आहेत. डिफरन्शियलचा गोळा ॲक्सलमध्येच बसलाय आणि ॲक्सल चाकांवर. स्प्रिंग उंच केली की चेसिस वर जाते, गोळा जमिनीपासून होता तेवढाच राहतो. राधानगरीकडच्या चाकोरीत मधला जो दगड आज गोळ्याला घासतो, तो लिफ्टनंतरही घासणार. तिथं मोठं टायरच कामाला येतं. कंपनीच्या 195/80 आर 15 ऐवजी 235/75 आर 15 घातलं तर ॲक्सल साधारण 20 मि.मी. वर येतो, बस. लिफ्टचा खरा फायदा पोटाला. तुझ्या गाडीचा व्हीलबेस 2,590 मि.मी., तीन दारांच्या जिम्नीचा 2,250. म्हणून बांध ओलांडताना तुझी गाडी पोटावर बसण्याची भीती जास्त. पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन, म्हणजे रॅम्प अँगल, कंपनी तुझ्या गाडीला 24 अंश देते, त्या धाकटीचा 28. ढोबळ गणिताने 50 मि.मी. उचलल्यावर तूही 28 च्या आसपास पोचतेस. एवढ्यासाठी लिफ्ट करणं मला पटतं. नुसती रुबाबदार दिसावी म्हणून करणार असशील, तर पैसे टायरांत घाल.

आता कॅस्टर. स्टेअरिंग फिरवलं की पुढचं चाक वरच्या आणि खालच्या किंगपिनमधून जाणाऱ्या रेषेभोवती वळतं. ही रेषा अगदी उभी नसते, तिचं वरचं टोक किंचित मागे झुकलेलं असतं. हा कल म्हणजे कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा कलता असतो, तोही कल तोच. ती रेषा खाली वाढवली तर टायर जिथं टेकतं त्याच्या थोडी पुढे जमिनीला लागते. त्यामुळे टायर मागून ओढलं जातं आणि आपोआप सरळ होऊ बघतं. वळण संपल्यावर स्टेअरिंग हातातून स्वतःच परत येतं, ते याच जोरावर. तुझ्या टायरची त्रिज्या साधारण 346 मि.मी. म्हणजे 3 अंश कॅस्टर असेल तर पुढचं-मागचं अंतर 18 मि.मी. निघतं, 1 अंश उरला तर फक्त 6.

लिफ्ट नेमका हाच कल खाते. पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मवर धरलाय. हे आर्म मागच्या टोकाला चेसिसवर झुलतात आणि पुढच्या टोकाला प्रत्येकी दोन बुशांनी ॲक्सलला घट्ट बसतात. चेसिस वर गेली की आर्मचं पुढचं टोक तिच्या मानाने खाली उतरतं, आणि आर्मबरोबर सबंध ॲक्सल फिरून किंगपिनचं वरचं टोक पुढे येतं. आर्म 700 मि.मी. लांब धरला, तर 50 मि.मी. उचलल्यावर 4 अंश गेले. तुझ्या गाडीचा आर्म टेपने मोजून हिशेब कर, पण दर इंचाला दोनेक अंश हे लक्षात असू दे. मग हायवेवर गाडी वाहू लागते. साताऱ्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर सतत स्टेअरिंग सावरत बसावं लागतं, आणि तुझे मित्र म्हणतील, ‘उंच गाडी आहे, चालायचंच.’ चालायचं नाही. हे दुरुस्त होतं.

जिप्सीच्या दिवसांत पुढेही पाटे होते, तेव्हा लांब शॅकल टाकून गाडी उचलली की पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर ठोकून कल परत आणायचो. जिम्नीला पाचर बसवायला जागा नाही. तिला तीन वाटा. पहिली, आर्मच्या पुढच्या टोकाला भोक मध्यभागी नसलेले बुश घालायचे. दुसरी, वाकवलेले नवीन आर्म. तिसरी, मागच्या टोकाचा ब्रॅकेट खाली आणायचा. तिसरीत भूमिती सगळ्यांत चांगली सुधारते, पण जो ब्रॅकेट खाली लोंबतो तोच दगडावर आदळतो. दोन इंचांपर्यंत बुश पुरतात, त्यापुढे आर्मच घे. बुश रबराचेच मागून घे. पॉलियुरेथेनचे टिकतात असं सांगतात, पण ते कडक. ॲक्सल पिळायला देत नाहीत, आणि चाक खड्ड्यात खाली उतरावं म्हणून तर तू हा खर्च करतेस. उद्यमनगरात लेथवर तसले बुश करून देणारे हुशार टर्नर आहेत. बाहेरची नळी ते झकास करतील, रबर चिकटवणं हा वेगळा धंदा. प्रेसवर बसवताना खूण दोन्ही बाजूंना सारखी ठेवायची. उलटी बसली तर उरलेला कलही जाईल. एक बाजू चुकली तर आर्म एकमेकांशी भांडत बसतील.

आणि बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गॅरेजमध्ये घाईने ती लिफ्टवर टांगलेली असतानाच आवळतात. मग खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे तू स्वतः उभी राहून बघ.

कल परत आणला की त्याची किंमतही मोजावी लागते. किंगपिन मागे झुकवलं म्हणजे सबंध ॲक्सल मागे फिरला. डिफरन्शियलचं मागे बघणारं नाक खाली गेलं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन वाढला. फोर-व्हीलमध्ये थरथर आली तर कारण हे. म्हणून हाव करून जुन्यापेक्षा जास्त कॅस्टर मागू नकोस.

पॅनहार्ड रॉडही बघ. तो एका टोकाला चेसिसला, दुसऱ्याला ॲक्सलला. गाडी उचलली की तो अधिक तिरपा होतो, त्याची आडवी लांबी घटते आणि ॲक्सल एका बाजूला सरकतो. रॉड 850 मि.मी. आणि दोन टोकांतला उतार 100 वरून 150 मि.मी. झाला, तर ॲक्सल 7 मि.मी. सरकला. लांबी बदलता येणारा रॉड घेतलास की ते जुळतं. मात्र त्याचा ब्रॅकेट हलवू नकोस. स्टेअरिंगचा ड्रॅग लिंक आणि हा रॉड एकमेकांना समांतर राहिले तरच खड्ड्यात गाडी आपोआप वळत नाही. स्टेअरिंग वाकडं झालं तर ड्रॅग लिंकच्या नळीतून सरळ कर. काही जण व्हील काढून एक दात सरकवून बसवतात. तुझ्या गाडीत ईएसपी आहे, त्याला स्टेअरिंगचा कोन चुकीचा कळला तर ब्रेक नको तिथं लागेल.

साठ-सत्तरच्या वेगाला खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं जोरात थडथडली, तर स्टेअरिंग डॅम्पर विकणारे लगेच भेटतील. तो डॅम्पर म्हणजे दातदुखीवर गोळी. आधी पॅनहार्डचे बुश, किंगपिनचे बेअरिंग, टाय रॉडची टोकं आणि टायरांचं बॅलन्सिंग तपास. ब्रेकचे लवचीक पाइप ॲक्सल पूर्ण खाली लोंबल्यावर ताणत नाहीत ना, तेही.

अलाइनमेंटवाला टो, म्हणजे चाकांची तोंडं आत की बाहेर तो कोन, लावेल आणि ‘झालं ताई’ म्हणेल. अखंड ॲक्सलला लिफ्टने टो आणि कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल) बिघडत नाहीत, त्यामुळे त्याच्या पडद्यावर सगळं हिरवं दिसेल. कॅस्टर मोजायला चाक फिरत्या पाटीवर दोन्हीकडे 20 अंश वळवावं लागतं. तो कंटाळा करील, तू आग्रह धर. डाव्या-उजव्या आकड्यांत फरक असला तर गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते.

कायद्याचंही सांगतो, आईला घाबरवण्यासाठी नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत फेरफार करायला आडवं येतं, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना मनाई केली आहे. आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना विचारून घे, उत्तर लेखी घे. वॉरंटीचंही तेच.

तेव्हा आत्ता एवढंच कर. या आठवड्यात, गाडी आहे तशी असताना, कॅस्टर मोजून दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा प्रिंट काढ आणि मला पाठव. लिफ्टनंतर काय परत आणायचं ते त्याच कागदावरून ठरेल. तो हातात येईपर्यंत किटवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा
मामा