सातबारा आणि परदेशी विद्यापीठाचे दार

परदेशी विद्यापीठात नाव नोंदवणे ही क्रिया वरवर शैक्षणिक दिसत असली, तरी तिचा मोठा भाग शिक्षणाच्या बाहेर, म्हणजे बँकेत, तहसील कार्यालयात आणि घरातल्या पैशांच्या हिशेबात घडतो, आणि वर्धा जिल्ह्यातील कास्तकाराच्या मुलामुलींची खरी कसोटी याच बाहेरच्या भागात लागते. गुणवत्तेचा भाग तुलनेने सरळ असतो. पदवीच्या सर्व सत्रांचे विद्यापीठाने प्रमाणित केलेले एकत्रित गुणपत्रक, ज्याला ट्रान्सक्रिप्ट म्हणतात, ते वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीच्या महाविद्यालयातून पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडून मिळवावे लागते. इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, हाच विषय आणि हेच विद्यापीठ का निवडले हे सांगणारे उद्देशपत्र लिहावे लागते आणि दोन-तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. चिकाटीच्या विद्यार्थ्याला हे सारे साधते.

यानंतर विद्यापीठाचे प्रवेशपत्र येते. ते सशर्त असेल तर उरलेला निकाल, भाषेचे गुण किंवा आगाऊ शुल्क पूर्ण केल्यावरच विनाअट होते, आणि त्यापुढे प्रत्येक देशाचा स्वतंत्र कागद सुरू होतो. अमेरिकेतील विद्यापीठ विद्यार्थ्याकडे किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद असल्याची खात्री करून आय-20 नावाचे प्रमाणपत्र देते, आणि त्याच्या आधारे व्हिसाचा अर्ज होतो. जर्मनीत ब्लॉक्ड अकाउंट लागते, म्हणजे असे खाते की ज्यात वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच भरायची आणि तिथे पोहोचल्यावर ती दरमहा ठरावीक हप्त्यानेच काढायची; 2024 च्या सप्टेंबरपासून ही रक्कम 11,904 युरो झाली. ब्रिटनमध्ये शुल्काची आणि राहण्याच्या खर्चाची रक्कम विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या खात्यात सलग 28 दिवस पडून असल्याचे दाखवावे लागते.

हे सलग 28 दिवस ज्यांनी ठरवले त्यांच्या डोळ्यांसमोर महिन्याच्या पगारावर चालणारे घर असावे. वर्धा जिल्ह्यातील घर कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालते. सोयाबीन दिवाळीच्या आसपास घरात येते, कापसाची वेचणी त्याच सुमारास सुरू होऊन हिवाळाभर चालते आणि हिंगणघाट, देवळी, पुलगावच्या बाजारात माल गेला की त्याचे चुकारे हाती येतात, पण ते खात्यात थांबत नाहीत, कारण मजुरी, कृषी सेवा केंद्राची उधारी आणि सोसायटीचे कर्ज त्यांची वाटच पाहत असते. मार्चअखेरीस कर्जाचे नवे-जुने होते आणि जूनमध्ये बियाणे व खतांसाठी पुन्हा पैसा काढावा लागतो. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी व्हिसाचे कागद जून ते ऑगस्ट या काळात जमवायचे असतात, म्हणजे घरातील रोकड वर्षभरात ज्या दिवसांत सर्वांत कमी असते, नेमक्या त्याच दिवसांत ती सर्वांत जास्त दाखवावी लागते. एकत्र कुटुंबात काका किंवा मामा हक्काने पुढे येतात, परंतु ब्रिटनच्या नियमात आईवडील व कायदेशीर पालक बसतात, मामाच्या खात्यातील रक्कम बसत नाही. या नियमात कोणाविषयी आकस नाही. तरीही त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

शैक्षणिक कर्ज हा यावरचा मार्ग आहे आणि मान्यताप्राप्त बँकेचे कर्जमंजुरीचे पत्र असेल तर 28 दिवसांची अट आड येत नाही. मात्र परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला तारण मागितले जाते, आणि बहुतेक बँका या कर्जासाठी शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत. त्यांना घर, अकृषक भूखंड किंवा मुदत ठेव हवी असते. ज्या घराची सारी मालमत्ता सातबाऱ्यावर आहे त्या घराला, दहा एकर काळी जमीन असूनही, या व्यवहारात पत नसते. तालुक्याच्या गावात एखादा अकृषक भूखंड घेऊन ठेवलेला नोकरदार या बाबतीत त्याच्या पुढे निघून जातो.

म्हणूनच शिष्यवृत्ती ही येथे गुणवत्तेच्या शाबासकीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील 75 विद्यार्थ्यांची दरवर्षी निवड होते, आणि तिच्यात शिक्षणशुल्क, निर्वाहभत्ता व विमानप्रवासाचा खर्च यांचा समावेश असतो. शेतमजुराच्या घरातून थेट लंडनच्या वर्गात पोहोचण्याची वाट अशा योजनांमुळेच तयार झाली आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीचे उद्दिष्टही हेच, परंतु तिच्या 2022-23 च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीच्या कक्षेबाहेर ठेवले. हा निर्णय चुकीचा होता, आणि तो का चुकीचा होता हे वर्ध्याच्या इतिहासातूनच दाखवता येते.

जे. सी. कुमारप्पा हे मूळचे तंजावरचे, लंडनमध्ये लेखापरीक्षणाचे शिक्षण घेऊन मुंबईत व्यवसाय करणारे गृहस्थ 1927 मध्ये, वयाच्या पस्तिशीत, पुन्हा विद्यार्थी म्हणून अमेरिकेला गेले. सिराक्यूज विद्यापीठातील पदवीनंतर त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे असताना भारत गरीब का आहे या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिले, त्याचा वृत्तान्त वर्तमानपत्रात आला, आणि तो वाचून त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी हाच प्रश्न राजस्वाच्या, म्हणजे सरकारच्या कर व खर्चाच्या, अंगाने तपासण्यास त्यांना सुचवले. त्यातून झालेल्या प्रबंधाने कुमारप्पांचे आयुष्य बदलले. 1929 मध्ये ते मायदेशी परतले, गांधीजींना भेटले आणि 1934 मध्ये वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम त्यांनी मगनवाडीतून उभे केले. याच सेलिग्मन यांच्या हाताखाली त्याआधी बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये कोलंबियात दाखल झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक राजस्वावर संशोधन केले, आणि 1916 मध्ये भारतातील जातींची घडण, उगम व विकास यांवरील निबंध तेथील चर्चासत्रात वाचला. बडोद्याच्या सयाजीरावांच्या दरबाराने भारतविषयक विषय चालणार नाही अशी अट घातली असती, तर त्या निबंधाला जागाच उरली नसती. आपल्या मातीतील प्रश्न सोबत नेणाऱ्या विद्यार्थ्याला परदेशी ग्रंथालय, तेथील आकडेवारी आणि मोकळा वाद यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा क्वचितच दुसऱ्या कोणाला होत असेल. सोयाबीनचे दर, सिंचनाची तूट, शेतकऱ्यांच्या आत्महत्या या विषयांवर वर्ध्याच्या मुलीने एडिनबरात प्रबंध लिहिला, तर तो या जिल्ह्याच्याच कामाचा ठरेल.

नव्या देशातील पहिले दिवस कसे असतात हे समजून घेण्यासाठी वर्धेकरांना जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. नागपुरात 1975 मध्ये भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात झालेल्या मागणीतून पुढे 1997 मध्ये वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आकाराला आले, आणि तेथे हिंदी शिकण्यासाठी चीन, श्रीलंका, थायलंडसारख्या देशांतून विद्यार्थी येत राहिले आहेत. भारतात 180 दिवसांहून अधिक काळ शिकायला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पोहोचल्यापासून 14 दिवसांत विदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. वर्ध्याचा विद्यार्थी बर्लिनला गेला की त्यालाही घराचा पत्ता नगर कार्यालयात नोंदवावा लागतो. मे महिन्यातील वर्ध्याच्या उन्हात, अनोळखी भाषेत रिक्षावाल्याशी बोलणाऱ्या त्या परदेशी विद्यार्थ्यांशी येथील महाविद्यालयीन मुलांचा संबंध फार थोडा येतो, ही खेदाची बाब आहे, कारण जी तयारी इथली मुले पैसे देऊन सल्लागारांकडून विकत घेतात तिचा बराच भाग या शेजाऱ्यांशी मैत्री करून समजला असता.

उरतो तो वेळापत्रकाचा प्रश्न, आणि तो जिल्ह्यातच सुटण्यासारखा आहे. शिफारसपत्रे आणि गुणपत्रके ही कामे महाविद्यालयांनी दिवाळीपूर्वी हाती घ्यावीत, म्हणजे विद्यार्थ्याचे अर्ज हिवाळ्यात जातील आणि विनाअट प्रवेशपत्र शिष्यवृत्तीची मुदत संपण्याआधी हाती असेल. जिल्हा अग्रणी बँकेने परदेशी शिक्षणाच्या कर्जाचे तारण, त्याचे नियम आणि लागणारे कागद यांची माहिती प्रत्येक तालुक्यात मराठीतून द्यावी. आणि जे विद्यार्थी समुद्रपूर, कारंजा, आष्टीसारख्या तालुक्यांतून आधीच परदेशी पोहोचले आहेत, त्यांनी आपापल्या गावातील पुढच्या एका तरी मुलाची किंवा मुलीची कागदपत्रे खरिपाची पेरणी सुरू होण्यापूर्वी स्वतः तपासून द्यावीत.