शेवाळ हिशेब ठेवतं

सिंदेवाहीपासून समुद्र किती लांब? कोणत्याही दिशेला निघा, शेकडो किलोमीटर. म्हणून विषय ऐकल्यावर रूममेट हसला, "अरे, तुमच्याकडे वाघ असतात ना, मग समुद्री शेवाळ कुठून आणलं?"

तर मित्रांनो, शेवाळ आमच्या धानाच्या बांधीतही माजतं. त्यावर जुना उपाय मोरचूद. आजोबा निळे खडे फडक्यात बांधून पाणी शिरतं तिथे ठेवायचे आणि बजावायचे, "जास्त नको टाकजो, धान जळते." कॉन्व्हेंटमध्ये आम्ही ज्याला कॉपर सल्फेट म्हणायचो, ते हेच!

समुद्रातही तेच चालतं. जहाजाच्या तळाला शेवाळ चिकटू नये म्हणून तांब्याचा रंग देतात. पूर्वी कथिलाचा टीबीटी रंग वापरत. तो इतका विषारी निघाला की २००८ पासून त्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली.

गंमत म्हणजे चिमूटभर धातू शेवाळालाही लागतो. २००९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या आणि जर्मनीच्या शास्त्रज्ञांनी दक्षिण महासागरात सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचं मीठ सोडलं, तर शेवाळ वाढलं. आजोबांचंच म्हणणं, सगळा खेळ मात्रेचा.

मात्रा वाढली तर? शेवाळाला पळता येत नाही. तपकिरी शेवाळाच्या पेशीभित्तीतलं अल्जिनेट (हो, आइसक्रीममध्ये घालतात तेच) धातूला बाहेरच धरून ठेवतं. आत शिरलेल्या धातूला फायटोकेलॅटिन नावाचे छोटे पेप्टाइड बांधून टाकतात. तेही पुरलं नाही की वाढ खुंटते, रंग उडतो.

म्हणूनच प्रदूषण मोजणारे शेवाळ तपासतात. पाण्याचा नमुना फक्त त्या क्षणाचं सांगतो. रात्री गुपचूप सोडलेलं पाणी सकाळी वाहून गेलेलं असतं. शेवाळाच्या अंगात मात्र कित्येक आठवड्यांचा हिशेब जमा असतो.

आता आमच्याकडचं पाणी वैनगंगेला जातं. जिल्ह्यातल्या कोळशा-सिमेंटच्या बाजूचं वर्धेला. दोघी मिळून प्राणहिता, पुढे गोदावरी, पुढे बंगालचा उपसागर. आणि धातू कुजून संपत नाही. मग समुद्र लांब कसा?

उद्या आपल्यापैकीच कोणीतरी प्लांटवर लागेल, आउटलेटच्या रीडिंगखाली सही करेल. 'विदिन लिमिट्स' लिहायला दोन सेकंद लागतात. पण लक्षात ठेवा, खाली पाण्यात शेवाळ बसलंय, आणि त्याला आपली सही वाचता येत नाही.