गजरा आणि गणित

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. आमच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो त्यानंतर दोनएक वर्षांनी. तो आमच्या घरी आला नाही, हे सांगायला नकोच. ज्यांच्या घरी टीव्ही आला त्यांना आठवणी लिहायला सवडच मिळाली नाही. त्यांचा सारा जन्म सतरंज्या घालण्यात आणि झटकण्यात गेला.

आमच्याकडे हा मान दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना मिळाला. लाकडी पेटी, पेटीला सरकती दारं, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली काकूंच्या कमरेला. टीव्हीसाठी तेव्हा पोस्टातून लायसन काढावं लागे, बंदुकीला लागतं तसं. चाळीतले निम्मे लोक आधी ते लायसन पाहून आले आणि मग टीव्ही.

कार्यक्रम म्हणजे संध्याकाळचे मोजके तास, आणि त्यातही मराठी, हिंदी, गुजराती अशी वाटणी. पण आम्ही निवड करत नव्हतो. जे दिसेल ते बघत होतो. 'आमची माती आमची माणसं' न चुकता पाहिल्यामुळे, कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती नसलेली आमची माणसं नळावर उभी राहून भातावरच्या किडीबद्दल काळजीनं बोलत. काकूंनी तर एकदा वडिलांना, "यंदा युरिया जपून हो भाऊजी," असं बजावलं होतं. वडील गिरणीत हेडक्लार्क होते.

पण खरी गर्दी 'गजरा'ला! आजच्या मुलांना 'गजरा' म्हटलं की फक्त फुलंच आठवतात. विनायक चासकरांचा हा कार्यक्रम. छोट्या छोट्या विनोदी नाटुकल्या एका दोऱ्यात ओवाव्यात तशा गुंफलेल्या, आणि त्यांना जोडणारं खुसखुशीत निवेदन. एकेक नाटुकली बशीतला चहा निवायच्या आत संपायची. दिलीप प्रभावळकर आम्हाला पहिल्यांदा दिसले ते तिथेच. पुढे १९७७ च्या सुमाराला ते 'चिमणराव' झाले, तेव्हा काकू, "हा आपल्या गजऱ्यातला मुलगा," असं म्हणाल्या होत्या. जणू त्यांना चि. वि. जोश्यांकडे चिठ्ठी देऊन यांनीच पाठवलं होतं!

'गजरा'च्या दिवशी दहा बाय बाराच्या त्या खोलीत चौतीस माणसं बसत. मी स्वतः मोजली आहेत. पुढे पोरं, मागे भाजी निवडणाऱ्या बायका, त्यांच्या मागे पुरुष, आणि ज्यांचं काकांशी भांडण होतं ते गॅलरीतल्या खिडकीबाहेर, म्हणजे आत न येता बघत. दिवा घालवलेला असे. अंधारात निवडल्यामुळे दुसऱ्या दिवशी चाळभर मेथीच्या भाजीत काड्या लागत, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोलत नसे.

मी मात्र पाहिला त्याहून जास्त 'गजरा' गच्चीवरून ऐकलेला आहे. याचं कारण गणित.

१९७६ साली मी एसएससीला गणितात आपटलो. शंभरपैकी एकोणीस. वडिलांनी मारलं नाही, ओरडले नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं. "त्याला म्हणावं, जेवून घे," असं आईला सांगत. मी समोर ताटावर बसलेला असलो तरी. असा अबोला महिनाभर चालला. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या. नापास मुलाला चाळीत फुकटची कामं फार मिळतात. माझ्याकडे अँटेनाचं खातं आलं. मी गच्चीवर अँटेना धरून उभा. खाली गॅलरीत एक पोरगा, दारात दुसरा.

"आलं का?"

"आलं, आलं... गेलं! मगाचच्या जागी आण!"

मगाचची जागा कुठली, ते मला कधीच कळलं नाही. मग खालून एकदम हशा उसळायचा. म्हणजे चित्र आलं. तसाच उभा राहायचो. विनोद काय झाला हे दुसऱ्या दिवशी नळावर कळायचं.

एका रात्री मात्र वारा पडला होता आणि चित्र स्वच्छ होतं. मी खाली येऊन दाराशी, मिळेल त्या जागेत अंग घातलं. दिवा घालवलेला. बसल्यावर कळलं की शेजारी वडील आहेत. उठायलाही वाव नव्हता. चौतीस माणसांतून उठणं म्हणजे चौतीस माणसांना उठवणं. नाटुकली चालू होती. बाप मुलाला गणित शिकवतोय, हौद, नळ, किती वेळात भरेल, आणि बापालाच येत नाही. मला घाम फुटला. आणि मग काय झालं कोण जाणे, त्या बापाचा चेहरा बघून मला असं हसू फुटलं की आवरेना. शेजारून खुसखुस ऐकू आली. वडिलांचे खांदे गदगदत होते. त्यांना मोठ्यानं हसायची सवय नव्हती. त्यांचं हसू खांद्यातून बाहेर पडे. आणि हसता हसता त्यांनी माझ्या पाठीत दाणकन थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "वही आण." आईला नाही, मला.

ऑक्टोबरला मी सुटलो. एकेचाळीस मार्क.

ही गोष्ट मी गेली पन्नास वर्षं सांगत आलोय. परवा नातू म्हणाला, "आजोबा, हल्ली सगळं मिळतं. शोधू या ना." त्यानं मोबाईल काढला. इकडचे तिकडचे काही तुकडे दिसले, पण हौद नाही, नळ नाही. त्या काळी टेप महाग. कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा घ्यायचे. बरंच काही असं पुसलं गेलं. मग मी साक्षीपुरावे गोळा करायला लागलो. धाकट्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "गणिताचं नव्हतं ते, डॉक्टर आणि पेशंटचं होतं." बहीण म्हणाली, "छे! घरमालक आणि भाडेकरू." दोघंही शपथेवर सांगत होते. दोघंही त्या खोलीत होते.

शेवटी आईला विचारलं. वय वर्षं एक्याण्णव, पण स्मरणशक्ती चाळीतल्या वाण्याच्या वहीसारखी. ती म्हणाली, "नाटुकली कसली ती मला नाही आठवत. पण हे त्या नाटुकलीला नव्हते हसले रे."

"मग?"

"तुला हसले. घोड्यासारखा खिंकाळत होतास. घरी आल्यावर म्हणाले, महिन्यात पोराचं हसू ऐकलं नव्हतं. मीच बोलायला हवं होतं. पण सुरुवात कशी करायची ते सुचत नव्हतं."

मी गप्प बसलो. आई म्हणाली, "आणि शंभरपैकी एकोणीस नव्हते तुला. सतरा होते."

टेप पुसली गेली तरी काही नोंदी शिल्लक राहतात, त्या अशा!